अठराव्या वर्षानंतरची परवानगी

पावसाळा सुरू झाला, की मावळाची दोन छायाचित्रे वर्तमानपत्रांत नेमाने येतात. पहिल्यात धुक्यात बुडालेला लोहगडाचा विंचूकाटा असतो आणि त्याच्या काठाने चालणारी, भिजलेली तरुण मुले असतात. दुसऱ्यात कुठल्यातरी धबधब्याखालचा डोह असतो, काठावर गर्दी असते आणि दोर घेऊन पाण्यात उतरलेली माणसे असतात. पुणे-पिंपरीच्या मध्यमवर्गीय घरांत पहिले छायाचित्र मुले पाहतात आणि दुसरे त्यांचे आईवडील. मग संध्याकाळी जेवताना एक वाक्य उच्चारले जाते : ‘यंदा कुठे जायचे नाही.’ विषय तिथेच संपतो. निदान पालकांना तरी तो संपला असे वाटते.

महाविद्यालयात शिकणाऱ्या एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाने वा मुलीने सकाळच्या लोकलने मळवलीला उतरावे, भाजे लेण्यांवरून लोहगड गाठावा आणि दिवेलागणीला घरी परतावे, ही काही फार मोठी मोहीम नव्हे. तरीही आज अनेक घरांत ही गोष्ट आधी परवानगीचा, मग वाटाघाटींचा आणि अखेरीस खोटे बोलण्याचा विषय झालेली आहे. किल्ला हे येथे केवळ निमित्त. शाखा कोणती घ्यावी, वसतिगृहात राहावे की नाही, मैत्री कोणाशी करावी, नोकरी कोणत्या शहरात शोधावी, या सर्वच बाबतींत हाच क्रम दिसतो. प्रस्तुत लेखात आम्हांला एवढाच प्रश्न विचारायचा आहे, की अठरा वर्षे पूर्ण झालेल्या माणसाविषयीचा निर्णय कोणाचा? आमचे उत्तर आम्ही आरंभीच सांगून टाकतो. काळजी पालकांची, निर्णय मुलांचा. आणि हा निर्णय मुलांच्या हाती रीतसर सोपवणे हे पालकत्वाचेच शेवटचे आणि सर्वांत अवघड काम आहे. ते टाळल्याने मुले सुरक्षित होत नाहीत. उलट अधिक असुरक्षित होतात.

पालकांची भीती काल्पनिक आहे, असे आम्ही म्हणणार नाही. 30 जून 2024 रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळील धबधब्यात पुण्याच्या एका कुटुंबातील पाच जण वाहून गेले. एक महिला आणि चार मुले. 15 जून 2025 रोजी तळेगावजवळ कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीच्या भाराने कोसळला आणि चौघांचा जीव गेला. जखमींची संख्या तर कितीतरी अधिक होती. या घटना ज्यांनी दूरचित्रवाणीवर पाहिल्या, त्या आईवडिलांच्या पोटात गोळा आला असेल तर नवल नाही.

परंतु या दोन्ही दुर्घटनांकडे किंचित थांबून पाहिले पाहिजे. यांपैकी एकही घरच्यांचे न ऐकता निघून गेलेल्या तरुणांची कथा नाही. भुशीला गेलेले ते एक कुटुंब होते; मुले आपल्याच माणसांसोबत होती. कुंडमळ्याच्या पुलावर सर्व वयांचे लोक उभे होते. ‘परवानगी’ नावाच्या गोष्टीने यांतील कोणाचेही रक्षण झाले नसते. भुशीला वरच्या बाजूस पडलेल्या पावसाने ओढ्याचे पाणी बघता बघता चढले. कुंडमळ्याला जीर्ण पुलावर मावेल त्याहून अधिक भार झाला. पहिल्या ठिकाणी पाण्याची जाण हवी होती. दुसऱ्या ठिकाणी शासनाची दक्षता हवी होती आणि पुलावर पाय ठेवण्याआधी क्षणभर विचार करण्याची सवय हवी होती. यांपैकी कोणतीच गोष्ट मुलाला घरात बसवून त्याच्या अंगी येत नाही.

मावळातल्या खेड्यात वाढलेल्या कोणालाही विचारावे. ओढ्याचे पाणी गढूळ झाले, त्यातून पाला-काटक्या वाहत येऊ लागल्या, प्रवाहाचा आवाज बदलला, की समजावे वर जोराचा पाऊस झाला आहे आणि आपण आहोत तिथे ऊन असले तरी तत्काळ काठ गाठावा. शेवाळलेल्या कातळावर पाऊल कसे टाकावे, धुके उतरले तर पायवाट सोडून आडवे का जाऊ नये, वीज कडाडत असताना माथ्यावर का थांबू नये, हे सारे ज्ञान आहे. आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ या तिन्ही खोऱ्यांत ते दहा-बारा वर्षांच्या मुलांना असते, कारण मोठ्यांनी त्यांना गुरांमागे, भातलावणीला, रानात बरोबर नेलेले असते आणि पुढे एकटे पाठवलेले असते. तेथील आयांना काळजी नसते काय? असते. फक्त त्या काळजीचा परिणाम शिकवण्यात होतो; आमच्या शहरी घरांत तो मनाईत होतो. संकटात सापडलेल्या पर्यटकांना शोधून आणणारी लोणावळ्याची ‘शिवदुर्ग मित्र’ ही संस्था स्वयंसेवकांच्या बळावर उभी आहे. हे स्वयंसेवकही कोणाची तरी मुलेच आहेत. रात्री-अपरात्री दरीत उतरण्याची त्यांची पात्रता घरात सांभाळून ठेवल्याने आलेली नाही.

खंडाळ्याच्या नागफणीवर प्रस्तरारोहणाचा सराव करणाऱ्यांची एक रीत येथे सांगण्याजोगी आहे. वर चढणाऱ्याच्या कमरेला दोर असतो आणि खाली उभा राहिलेला सोबती तो दोर सांभाळत असतो. दोर फार ढिला सोडला, तर पडणारा माणूस पुष्कळ खाली येऊन आदळतो. दोर फार ताणून धरला, तर चढणाऱ्याला पुढचे पाऊलच टाकता येत नाही. तोल जाण्याचे कारण तो दोरच होतो. म्हणून सोबत्याचे सारे कसब चढणाऱ्याच्या गतीने दोर सोडत जाण्यात असते. पकड कोणती घ्यायची, हे मात्र वरचाच ठरवतो, कारण कातळ त्याच्या डोळ्यांसमोर असतो. आमच्या पिढीतल्या पालकांचा दोर सैल सुटलेला नाही. तो ताणलेला आहे, आणि वरून ‘उजवा हात कुठे ठेव’ हेही आपण खालूनच सांगत आहोत.

हे ताणणे आता नव्या साधनांनी होते. प्रवेशप्रक्रियेचा अर्ज वडील भरतात, त्याचा ओटीपी वडिलांच्याच मोबाईलवर येतो आणि पसंतीक्रमही त्यांनीच लावलेला असतो. काही महाविद्यालये गैरहजेरीचे संदेश थेट घरी धाडतात. पालकांचे व्हॉट्सॲप समूह असतात आणि त्यांत पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलांच्या अंतर्गत गुणांची चर्चा चालते. मुलाचा ठावठिकाणा दाखवणारा निळा ठिपका आईच्या फोनवर दिवसभर सरकत असतो. यांतील प्रत्येक गोष्टीमागे प्रेम आहे, याविषयी आम्हांला शंका नाही. परंतु प्रेम आहे म्हणून परिणाम बदलत नाही.

आणि परिणाम काय होतो? ज्या घरात ‘हो’ मिळण्याची शक्यताच नसते, त्या घरात विचारणे बंद होते. मुलगा मैत्रिणीच्या वा मित्राच्या घरी फोन ठेवून जातो, अथवा ‘अभ्यासिकेत आहे’ असे सांगून राजमाचीची वाट धरतो. निळा ठिपका नारायण पेठेत स्थिर असतो आणि मुलगा लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे पंधरा किलोमीटरवरच्या उधेवाडीकडे चालत असतो. घरच्या मनाईने काय साधले? तो गेलाच, फक्त तो कोठे गेला आहे, हे माहीत असलेले घरचे एकही माणूस उरले नाही. कोणाही अनुभवी भटक्याला विचारा. डोंगरात जाताना पहिला नियम हाच, की कोणत्या वाटेने जाणार, मुक्काम कोठे आणि परतणार कधी, हे मागे राहिलेल्या कोणाला तरी ठाऊक असावे. मुलाला खोटे बोलायला लावणारी मनाई नेमका हाच नियम मोडते. खरे बोलण्याची किंमत जिथे शून्य असते, ते घर मुलाला सुरक्षित ठेवीत नाही. ते स्वतःची समजूत मात्र सुरक्षित ठेवते.

मुलींच्या बाबतीत हा प्रश्न अधिक तीव्र होतो आणि येथे शहर व खेडे हा भेदही मिटतो. वडगाव, तळेगाव वा लोणावळ्याच्या महाविद्यालयांत आतल्या गावांतून येणाऱ्या मुलींना एसटीची वेळ, लोकलची वेळ आणि फाट्यापासून घरापर्यंतचा अंधार यांचे गणित रोज सोडवावे लागते. हे गणित चुकले, की उपाय म्हणून रस्त्यावर दिवा लागत नाही, बस वाढत नाही. मुलीचे शिकणे थांबते. ‘काळजी वाटते’ या दोन शब्दांत एका मुलीची पदवी बुडू शकते. शहरात कारण निराळे दिले जाते, परंतु वाक्य तेच असते. भावाला रात्री दहापर्यंत बाहेर राहण्याची मुभा आणि बहिणीला सातचे बंधन, ही आमच्या सुशिक्षित घरांतली रीत अद्याप गेलेली नाही.

यातला अंतर्विरोध आम्हांला सर्वांत अधिक खटकतो. एकवीस वर्षांच्या ज्या मुलीला राजमाचीवर मैत्रिणींसह एक रात्र काढू द्यायला घर तयार नसते, त्याच मुलीला पुढच्या वर्षी दोन-तीन भेटींत पसंत केलेल्या कुटुंबात आयुष्यभरासाठी पाठवायला तेच घर उत्साहाने तयार असते. पहिल्या बाबतीत ती अजाण असते. दुसऱ्या बाबतीत एकाएकी संसार पेलण्याइतकी जाणती होते. याचा अर्थ एवढाच, की प्रश्न तिच्या पात्रतेचा कधीच नव्हता. तो तिच्यावरच्या अधिकाराचा होता, आणि तो अधिकार एका घरातून दुसऱ्या घरात जाईपर्यंत जपून ठेवायचा होता. विद्यापीठ अनुदान आयोगाने नेमलेल्या कार्यदलाच्या 2013 सालच्या ‘सक्षम’ अहवालाने हे स्पष्ट शब्दांत मांडले होते, की विद्यार्थिनींच्या सुरक्षिततेचे नाव सांगून त्यांच्या हिंडण्याफिरण्यावर निर्बंध घालणे आणि त्यांच्यावर पाळत ठेवणे हा सुरक्षिततेचा मार्ग नव्हे. अहवाल महाविद्यालयांसाठी होता. तो घरांनीही वाचावा, असे आम्हांला वाटते.

कायद्याची भूमिका तर जुनीच आहे. 1875 सालच्या भारतीय सज्ञानता अधिनियमाने अठराव्या वर्षी माणूस सज्ञान ठरवला. घटनेच्या एकसष्टाव्या दुरुस्तीने 1989 साली मतदानाचे वय एकविसावरून अठरावर आणले. देशाचे सरकार निवडण्याची बुद्धी ज्या वयात असते, त्या वयात विद्याशाखा निवडण्याची नसते, असे म्हणणे धारिष्ट्याचे आहे. 2017 साली केरळच्या उच्च न्यायालयाने चोवीस वर्षांच्या हादियाचा विवाह रद्द ठरवून तिला पालकांच्या ताब्यात दिले. मार्च 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. त्या विवाहाविषयी वा धर्मांतराविषयी वाचकांचे मत काहीही असो. सज्ञान स्त्रीच्या निवडीवर पित्याच्या मायेला वा चिंतेला कुरघोडी करता येत नाही, हे तत्त्व त्या निकालाने अधोरेखित केले. माया खरी असली तरीही नाही, हे येथे महत्त्वाचे.

यावर एक नेहमीचा आक्षेप येतो : ‘शुल्क आम्ही भरतो, मग निर्णय मुलाने का घ्यावा?’ हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. मावळात द्रुतगती मार्ग आला, तळेगावात औद्योगिक वसाहत उभी राहिली, गृहप्रकल्प आणि बंगले आले. पुष्कळ घरांची भातखाचरे गेली. पूर्वी शिक्षण फसले तर परतायला जमीन होती. आता मुलाची पदवी हीच जमीन आहे आणि तीवर कर्जही आहे. शहरातल्या पगारदार माणसाची स्थिती याहून फार वेगळी नाही. एकच संधी आहे असे वाटणारा माणूस ती मुलाच्या लहरीवर सोडायला धजत नाही, हे आम्ही समजू शकतो. म्हणूनच खर्चाची मर्यादा सांगण्याचा पालकांना पूर्ण अधिकार आहे. ‘एवढे पैसे आहेत, याहून अधिक नाहीत’ हे वाक्य मुलाला मोठे करते. परंतु ‘पैसे आमचे, म्हणून आयुष्य आमच्या मताने’ हे वाक्य त्याला गहाण ठेवते. पहिल्यात त्याला एका वास्तवाची माहिती दिलेली असते. दुसऱ्यात त्याला विकत घेतलेले असते.

मावळाविषयी बोलताना शिवाजी महाराजांचे नाव येणे अपरिहार्य आहे. ‘शिवाजी जन्मावा, पण शेजारच्या घरात’ ही म्हण आपणच आपल्याविषयी केलेली थट्टा आहे. सोळाव्या वर्षी तोरणा घेतल्याची कथा सांगताना आपण मुलाच्या धाडसाविषयी बोलतो; आम्हांला त्या कथेतल्या वडीलधाऱ्यांकडे लक्ष वेधायचे आहे. शहाजीराजांनी पुण्याची जहागीर, सोबत जिजाबाई आणि हाताशी अनुभवी कारभारी, अशी व्यवस्था लावून दिली आणि त्या कोवळ्या वयातल्या मुलाला खऱ्या कारभारात घातले. वतने, निवाडे, बारा मावळांतले देशमुख, हे सारे खोटे खेळणे नव्हते. सल्ला द्यायला माणसे होती. तथापि काम त्याचे होते. धाडस हे त्या जबाबदारीचे फळ होते.

तळेगाव दाभाड्यात अनेक वर्षे राहिलेले गो. नी. दांडेकर तेराव्या वर्षी शाळा सोडून स्वातंत्र्यलढ्यासाठी घराबाहेर पडले. पुढे गाडगेमहाराजांचा सहवास, नर्मदापरिक्रमा आणि आयुष्यभराची गडांची भटकंती झाली. आपण त्यांची ‘स्मरणगाथा’ कौतुकाने वाचतो, मुलांच्या वाढदिवसाला भेट देतो आणि त्याच मुलांना एकट्याने पुणे स्थानकावर जाऊ देत नाही. सर्वांनी तेराव्या वर्षी घर सोडावे, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. त्या वाटेवर निभावून गेलेले थोडे, हरवलेले फार. परंतु चरित्रात ज्याला आपण बाणेदारपणा म्हणतो, त्यालाच घरात उद्धटपणा का म्हणतो, याचा विचार व्हावा.

दुसऱ्या टोकाचा धोकाही सांगितला पाहिजे. स्वातंत्र्य देणे म्हणजे पाठ फिरवणे नव्हे. ‘तुझे तू बघ’ असे म्हणून मोकळे होणारे पालकही असतात, आणि परक्या शहरात एकाकी पडलेल्या मुलाला त्यांचा काहीच आधार नसतो. रॅगिंगविरोधी 2009 च्या नियमांनी विद्यार्थ्याचे एक आणि पालकांचे एक अशी दोन स्वतंत्र प्रतिज्ञापत्रे मागितली, ही रचना आम्हांला अर्थपूर्ण वाटते. पालक बाजूला सारलेले नाहीत. परंतु विद्यार्थ्याच्या वतीने ते सही करीत नाहीत. त्याच्या कृतीची हमी प्रथम त्यानेच द्यायची आहे.

मग करावे काय? मोठे सिद्धान्त सोडून आम्ही साध्या गोष्टी सुचवतो. बारावीनंतर मुलाचे बँकेचे खाते त्याच्या हाती द्यावे आणि महिना संपण्याआधी पैसे संपले, तर उरलेले दिवस त्याला काढू द्यावेत. ताप आला, तर दवाखान्यात त्याने स्वतः जावे, लक्षणे स्वतः सांगावीत. महाविद्यालयातल्या कार्यालयाशी त्याचे भांडण त्याने भांडावे. एखाद्या विषयात तो नापास झाला, तर प्राध्यापकांना फोन करण्याचा मोह आवरावा. प्रवासाला निघाला, तर ‘जाऊ नकोस’ऐवजी ‘वाट कोणती, सोबत कोण, परत कधी, पाऊस वाढला तर काय करशील’ असे चार प्रश्न विचारावेत. उत्तरे कच्ची असतील, तर त्याचे त्यालाच ते बोलताना कळते. आणि तो ठरल्या वेळी परतला, तर कोठे कोठे गेलास याची उलटतपासणी न करता जेवायला वाढावे. खरे बोलणे परवडते, हे त्याला घरातच कळले पाहिजे. मुलीला हेच चार प्रश्न विचारावेत. पाचवा विचारू नये.

यात धोका उरतोच. चार प्रश्नांची चोख उत्तरे देणाराही पाय घसरून पडू शकतो. तो धोका शून्यावर आणण्याचे साधन कोणत्याही पालकाजवळ नाही, मनाईसुद्धा नाही. मनाईने फक्त शिकण्याचे वय पुढे ढकलले जाते; आणि पंचविशीत, तिशीत, नोकरीच्या वा संसाराच्या मध्यावर पहिल्यांदा स्वतः निर्णय घ्यावा लागतो, तेव्हा खाली दोर धरायला कोणी नसते.

आज ज्यांच्या वतीने आपण सारे ठरवीत आहोत, ती मुले आणखी वीस-पंचवीस वर्षांनी एखाद्या इस्पितळाच्या मार्गिकेत उभी असतील. आत आपण असू. डॉक्टर दोन पर्याय सांगतील, दोन्हींत जोखीम असेल, आणि संमतीपत्रावर त्यांची सही मागतील. त्या वेळी त्यांना विचारण्याजोगे, त्यांच्याऐवजी ठरवणारे कोणी उरलेले नसेल. ती सही शांतपणे, विचार करून आणि स्वतःच्या जबाबदारीवर करता यावी, एवढी सवय आपण त्यांना आज देत आहोत काय, हा प्रश्न आम्ही पालकांपुढे ठेवतो.